सुपाचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार. पावसाची झड लागली आहे, तेव्हा आज सूप. अळंबी आणि भाज्यांचं, पोटभरीचं. सोबत दोन पाव घेतले की रात्रीचं जेवण झालं असं. लग्नाच्या मांडवात कागदी पेल्यातून देतात ते नव्हे हं. त्याला मी सूप म्हणतच नाही, ती कॉर्नफ्लॉवरची खळ. पतंग चिकटवा तिने.

चौघांसाठी बटण मशरूमचं 200 ग्रॅमचं पाकीट, दोन गाजरं, मूठभर फरसबी, एक बटाटा, एक कांदा, चार-पाच लसणीच्या पाकळ्या आणि मूठभर मसूर डाळ. धुणं-चिरणं तुम्हाला मी काय सांगू! सांगायचंय ते एवढंच, की अळंबी आधी वेगळी भाजायची. मीठ न घालता. पुन्हा सांगते, मीठ न घालता.

हे मला शिकवलं माझ्या आत्याने, तेही न बघता. आत्या सावंतवाडीकडची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने सगळं धूसर, आणि शेगडीजवळ फिरकायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. त्यामुळे ती बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत आणि मी आत. मोठ्या फुशारकीने ओरडले, ‘आत्या, आज सूप!’ तर म्हणते, ‘सुपात तांदूळ पाखडतत गो. पिऊचा कसला सूप?’

मी दोन पाकिटं चिरून छोट्या पातेल्यात एकदम ओतली, वर चमचाभर मीठ. दोन मिनिटांत बाहेरून हाक आली, ‘गो, ह्यो आवाज भाजूचो नाय, शिजूचो. पाणी सुटला!’ बघते तर खरंच, अळंबी करड्या पाण्यात पोहत होती. अळंबीत दहातले नऊ भाग पाणीच असतं. गर्दी केली, वर मीठ टाकलं, की ते एकदम बाहेर येतं आणि भाजायच्या ऐवजी ती उकडते.

‘भाकरीचो तवो घी,’ फर्मान सुटलं. तवा सणसणीत तापवला, अळंबी निथळून त्यावर पसरली. आधी फसफस, मग चुरचुर. मी उलथनं लावलं की आवाज बदलायचा, आणि लगेच बाहेरून, ‘हात लावू नको! रडतत ती. रडांदेत. गप रवली काय माका सांग.’

आणि खरंच, थोड्या वेळाने तवा गप्प झाला. मग बारीक तडतड सुरू झाली, कडा गुळाच्या रंगावर आल्या, घरभर खमंग वास. ‘आता लोणी,’ आत्या म्हणाली. लहानपणी पावसात वारुळावरची अळमी आणायची ती, पण ओळखीच्या वारुळावरचीच. ओघात सांगते, चांदीचा चमचा काळा पडतो का बघतात ना, ती परीक्षा खोटी. रानातली अळंबी नेमकी ओळखणारं माणूस घरात नसेल तर पाकीटच बरं.

अरे, वेळ थोडाच उरलाय. कांदा-लसूण लोण्यावर परता, भाज्या आणि डाळ घाला, सव्वा लिटर पाणी, कुकरला दोन शिट्ट्या. बटाटा पळीने चेपा, दाटपणा तोच देतो. भाजलेली अळंबी त्यात सोडून पाच मिनिटं उकळा. मीठ आत्ता. हो, मीठ आत्ता, आधी नाही. वर मिरपूड, लिंबू.

आत्याने त्या रात्री दोन वाट्या संपवल्या. तिसऱ्या वाटीत पाव कुस्करला, चाखला आणि म्हणाली, ‘बरा झाला गो. पण वायच खोबरा होया होता.’