फाळका उघडला की

[दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. दवाने भिजलेली हिरवळ. गाड्यांची रांग.]

शनिवारची सकाळ. सप्टेंबर संपत आलाय. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात उन्हाला अजून ऊब नाही. गोल्फचं हे मैदान. एरवी इथल्या गवतावर सायकलसुद्धा कुणी नेऊ देणार नाही. आज मात्र गाड्यांवर गाड्या येतायत. एक पिकअप ट्रक थांबतो. मालक उतरतो, मागे जातो, खटका ओढतो आणि ट्रकचा फाळका खाली येतो. फाळक्यावर चादर अंथरली जाते. तिच्यावर पावाच्या लाद्या, कांदा, मोहरीची चटणी, चिप्सची भलीमोठी पाकिटं. बाजूला कोळशाची शेगडी पेटते. आणि फाळक्याखालच्या सावलीत सरकवली जाते बर्फाने भरलेली निळी पेटी.

इंग्रजीत या फाळक्याला टेलगेट म्हणतात. साऱ्या सोहळ्याचं नावच त्यावरून पडलं : टेलगेटिंग.

मॅच आहे दुपारी बाराला. पेटीतला पहिला कॅन फस्सकन उघडतो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झालेली असतात.

[दृश्य : स्टेडियम, वरून.]

हे मिशिगन स्टेडियम. १९२७ साली बांधलेलं. यात १ लाख ७ हजार ६०१ माणसं बसतात. ॲन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे मॅचच्या दिवशी एका गावात दुसरं गाव येऊन उतरतं. आणि खेळणारी पोरं कॉलेजातली, अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची.

हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबुळका, हातात घेऊन पळायचा, अंगावर धडका घ्यायच्या. कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. तेव्हा बघायला शंभरएक माणसं होती. आज लाखाच्या वर क्षमतेची स्टेडियमं या देशात अनेक आहेत, आणि त्यातली बरीचशी लहानशा कॉलेजगावांत आहेत. लोक शेकडो मैलांवरून गाडी हाकत येतात. वाटेत भूक लागते, पोहोचल्यावर वेळ हातात असतो, आणि गाडीची डिकी असतेच. टेलगेटिंग रुजलं ते असं.

मी या गावात पहिल्यांदा आलो त्या वर्षी मला हे काही कळलं नव्हतं. वाटलं, मॅच बघायला आलेत तर आत जाऊन बसत का नाहीत? मग एका शनिवारी शेजारच्या आजोबांनी हाक मारली, हातात कागदी बशी दिली आणि म्हणाले, बस. त्यांच्या अंगणात सहा गाड्या लावलेल्या होत्या. त्यातली चार कुटुंबं कित्येक वर्षं त्याच अंगणात येत होती. एकाची सून नवी होती, तिची सगळ्यांशी ओळख करून देणं चाललं होतं. एक बाई नवरा गेल्यावर पहिल्यांदाच आली होती; तिच्या खुर्चीशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. मला आमच्याकडची हुरडा पार्टी आठवली. शेकोटीभोवती बसायचं, गरम गरम दाणे तळहातावर चोळायचे, आणि कुणाचं काय चाललंय ते एकमेकांना विचारायचं. इथेही तेच चाललं होतं. मॅच हे निमित्त होतं.

म्हणून आधी हे सांगतो. टेलगेटिंग म्हणजे नुसता दारूचा अड्डा, असं जे बाहेरून दिसतं, ते खरं नाही. विस्कॉन्सिनमध्ये बीअर आणि कांद्यात उकळून मग निखाऱ्यावर भाजलेली ब्राटवुर्स्ट नावाची सॉसेजं मिळतात. लुइझियानात बॅटन रूजला भल्यामोठ्या काळ्या हंड्यांत जंबालाया शिजतो. भात, मांस, मसाला, आणि ढवळायला हातभर लांब उलथनं. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावात ‘द ग्रोव्ह’ नावाची दहाएक एकरांची वनराई आहे. तिथे ओकच्या झाडांखाली तंबू ठोकतात आणि काही तंबूंत चक्क झुंबरं टांगतात. टेनेसीत नॉक्सव्हिलचं स्टेडियम नदीकाठी आहे. तिथे १९६२ मध्ये रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारे जॉर्ज मूनी गर्दी चुकवायला होडीने आले. आता तिथे मॅचला होड्यांचा ताफाच नांगर टाकून उभा असतो.

[दृश्य : निळी पेटी. बर्फात बुडालेले कॅन. एक हात आत जातो.]

या सगळ्यांत समान गोष्ट कोणती, तर ही पेटी.

हिच्याबद्दल बोलायचंय. कारण जे बिघडतं, ते या पेटीपाशी, आणि फार हळूहळू बिघडतं.

हिशोब करू. अमेरिकेत ‘एक ड्रिंक’ म्हणजे ३५५ मिलिलिटरचा, पाच टक्क्यांच्या बीअरचा एक कॅन. त्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृताला एवढं निपटायला तासाहून बराच जास्त वेळ लागतो. आता ८० किलोचा एक धडधाकट माणूस धरा. आठ दहाला त्याने पहिला कॅन उघडला. मग दर अर्ध्या तासाला एक. त्यात घाई काही नाही. तो गप्पा मारतोय, खातोय, पोरांबरोबर लाकडी फळीच्या भोकात कापडी थैल्या फेकायचा खेळ खेळतोय. पावणेबाराला शेगडी विझवून तो उठतो तेव्हा आठ कॅन झालेले असतात. त्याला विचारा, तो म्हणेल, तीन-चार. खोटं बोलत नसतो तो. कॅन पिशवीत गेला की मोजणीतूनही जातो. पण रक्तातलं प्रमाण ०.०८ टक्क्यांच्या बरंच वर गेलेलं असतं, आणि ०.०८ ही इथली गाडी चालवण्याची कायदेशीर सीमा आहे. भारतात ती ०.०३ आहे. स्टेडियममध्ये त्याने एक घोटही घेतला नाही, तरी साडेतीनला बाहेर येताना तो त्या सीमेच्या आसपासच रेंगाळत असतो. आणि गाडीची किल्ली त्याच्याच खिशात असते.

मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सामने संपल्यावर बाहेर पडणाऱ्या ३६२ प्रेक्षकांचा श्वास तपासला. ते सामने व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉलचे होते, कॉलेजचे नव्हते. तरी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष इथेही विचार करायला लावतो. साधारण आठ टक्के लोक सीमेच्या वर होते. ज्यांनी आधी टेलगेटिंग केलं होतं, ते सीमेच्या वर असण्याची शक्यता इतरांच्या चौदापट होती.

[दृश्य : विद्यार्थ्यांची वस्ती. जुनी लाकडी घरं, ओसरी, अंगणात टेबलं. लाल प्लॅस्टिकचे पेले.]

गोल्फ कोर्सपासून चालत थोडं पुढे आलं की दृश्य बदलतं. इथे शेगडी नाही, आजोबा नाहीत, बशी नाही. संगीताचा दणदणाट आहे आणि हातोहाती लाल पेले. पेला अपारदर्शक. आत काय आहे आणि किती आहे, हे पिणाऱ्यालाही दिसत नाही.

अमेरिकेत दारू पिण्याचं वय २१. मिशिगनने १९७२ मध्ये ते अठरावर आणलं होतं. रस्त्यावर पोरं मरायला लागली तेव्हा १९७८ मध्ये मतदारांनीच ते पुन्हा एकवीस केलं. कँडी लाइटनर या कॅलिफोर्नियातल्या आईची तेरा वर्षांची मुलगी एका नशेतल्या चालकाने उडवली. त्या आईने १९८० मध्ये चळवळ उभी केली. १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली : जे राज्य वय एकवीस करणार नाही, त्याच्या महामार्गांचा निधी कापला जाईल. सगळी राज्यं वळणावर आली. त्या कायद्याने असंख्य जीव वाचवले, यात मला शंका नाही.

पण कॉलेजात पहिल्या वर्षाला येणारं पोर अठराचं असतं. त्याला मैदानावर उघडपणे बीअर घेऊन बसता येत नाही. मग तो कुणाच्या तरी खोलीत, दार लावून, मॅचच्या आधीच्या तासाभरात उरकून घेतो. लपून प्यायचं तर बीअरचे कॅन परवडत नाहीत, जागा फार लागते. व्होडकाची एक बाटली दप्तरात मावते. आणि व्होडकाचे चार घोट नरड्याखाली जायला पाच मिनिटंही पुरतात. मैदानावरचा माणूस साडेतीन तासांत जिथे पोचतो, तिथे हा अर्ध्या तासात पोचलेला असतो.

आपल्याकडून शिकायला येणारी मुलं बहुतेक बावीस-तेवीसची, म्हणजे कायद्यात बसणारी. पण महाराष्ट्रात बीअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट. घरात विषयही निघत नाही. इथे आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारीच लाल पेला हातात येतो, आणि ‘आपल्याला किती झेपतं’ हे ठाऊक नसलेला मुलगा ‘नको’ म्हणायला लाजतो. हे मी वर्षानुवर्षं बघतोय आणि दर ऑगस्टमध्ये नव्या मुलांना सांगतोय.

[दृश्य : रिकामं अंगण. ओसरीची पायरी. संगीत दूर जातं.]

एका ऑक्टोबरची गोष्ट. मॅच सुरू झाली होती, रस्ते ओस पडले होते. मी चालत घरी निघालो होतो. एका घराच्या अंगणात, पायरीला लागून, एक मुलगा उताणा पडलेला दिसला. अंगात पिवळा-निळा शर्ट, एका पायात बूट नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. मित्र त्याला ‘झोपू दे जरा’ म्हणून मॅचला निघून गेले होते, हे नंतर कळलं.

मी खांदा हलवला. हाक मारली. कानाच्या पाळीला चिमटा काढला. काही नाही. हात गार होते आणि ओठ, कसं सांगू, जांभळाच्या रसाने माखल्यासारखे दिसत होते. मी त्याच्या छातीकडे बघत श्वास मोजायला लागलो. एक आला. मग इतका वेळ काहीच नाही की मला माझंच काळीज ऐकू यायला लागलं. मग दुसरा.

त्याला कुशीवर वळवलं, गुडघा पुढे घेतला, तोंड जमिनीकडे केलं. आणि ९११ ला फोन केला. फोन चालू असतानाच त्याला उलटी झाली. उताणा असता, तर ती घशात गेली असती.

रुग्णवाहिका आली, त्याला नेलं. तो वाचला. दुसऱ्या आठवड्यात त्याचा एक मित्र मला रस्त्यात भेटला आणि रडायला लागला. म्हणाला, आम्ही फोन करणार होतो, पण आम्ही सगळे एकोणीसचे, पोलीस येतील अशी भीती वाटली.

मिशिगनमध्ये २०१२ पासून कायदाच आहे : अशा वेळी मदत मागणाऱ्या अल्पवयीन मुलावर, किंवा ज्याच्यासाठी मदत मागितली त्याच्यावर, दारू प्यायल्याबद्दल कारवाई होत नाही. बहुतेक राज्यांत असा कायदा आहे. त्या पोराला तो ठाऊक नव्हता. आणि झोपू दिल्याने दारू उतरते, हेही त्याला खरं वाटत होतं. पोटात गेलेली दारू माणूस निपचित पडल्यावरही रक्तात भिनतच राहते. कॉफीने, गार पाण्याने काही होत नाही. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, गार पडलेलं अंग, हाकेला ओ नाही : यातलं एक जरी दिसलं तरी फोन करायचा. वाट बघायची नाही.

[दृश्य : स्टेडियमचं दार. बॅगा तपासणारे हात.]

या गर्दीचं काय करायचं, हा प्रश्न विद्यापीठांना जुनाच आहे. फ्लोरिडा आणि जॉर्जिया यांच्यातल्या जॅक्सनव्हिलच्या सामन्याला वर्षानुवर्षं ‘जगातली सगळ्यात मोठी उघड्यावरची कॉकटेल पार्टी’ म्हणायचे. विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले, आणि २००६ पासून ते नाव अधिकृत बोलण्यातून काढलं गेलं. नोव्हेंबर २०११ मध्ये येलच्या मैदानाबाहेर, हार्वर्डविरुद्धच्या सामन्याआधी, बीअरची पिंपं घेऊन आलेला भाड्याचा ट्रक गर्दीत घुसला आणि एका तरुणीचा जीव गेला. येलने पिंपांवर बंदी घातली आणि सामना सुरू झाला की टेलगेटिंग थांबवायचं ठरवलं.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने त्याच वर्षी वेगळीच वाट धरली. तिथे मध्यंतरात लोक बाहेर गाडीपाशी जाऊन भराभर ढोसून परत येत. विद्यापीठाने बाहेर जाऊन परत येणं बंद केलं आणि स्टेडियमच्या आत बीअर विकायला सुरुवात केली. पोलिसांकडच्या तक्रारी कमी झाल्या. मग हळूहळू इतरांनीही तेच केलं. दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांच्या संघटनेने, एसईसीने, २०१९ मध्ये बंदी उठवली. मिशिगन स्टेडियममध्ये २०२४ च्या मोसमापासून बीअर मिळते.

मला आधी हे पटलं नव्हतं. आता वाटतं, ओळखपत्र बघून, किंमत मोजून, रांगेत उभं राहून घेतलेली बीअर ही दार लावून प्यायलेल्या व्होडकापेक्षा बरी. पण यात विद्यापीठाच्या तिजोरीतही पैसा पडतो, आणि पैसा पडायला लागला की मर्यादा सैल व्हायला वेळ लागत नाही. त्यावर लक्ष ठेवायला हवं.

[दृश्य : संध्याकाळ. गोल्फ कोर्सवर मोजक्या गाड्या. लांब सावल्या.]

साडेचार वाजलेत. सकाळचा तो पिकअप अजून इथेच आहे. मालकाने किल्ली बायकोकडे दिलीय; ती सकाळपासून थर्मासमधला चहाच पितेय. शेगडीतल्या निखाऱ्यांवर तो पाणी ओततो, वाफ उठते. पोरं गवतावर आडवी झालीयत.

दोन गाड्यांपलीकडून एक म्हातारा काळी पिशवी ओढत येतो. मिशिगनमध्ये बीअरचा रिकामा कॅन परत केला की दहा सेंट मिळतात. दर मॅचला तो येतो. वाकतो, कॅन उचलतो, उरलेले थेंब गवतावर झटकतो, पिशवीत टाकतो. उद्या सकाळी तो सुपरमार्केटातल्या यंत्रासमोर उभा राहील आणि एकेक कॅन आत सारेल. एका माणसाला दिवसाला पंचवीस डॉलरपर्यंतच पैसे मिळतात. म्हणजे अडीचशे कॅन.

पिकअपचा मालक त्याला हाक मारतो, पेटीशेजारची पिशवी उचलून देतो. म्हातारा ती उघडून आत बघतो, बोटाने मोजतो.

“तेवीस,” तो म्हणतो.

मालक बायकोकडे बघतो. फाळका उचलतो, आणि खटका लागेपर्यंत ढकलतो.