सरासरीच्या भरवशावर आराखडा नको

श्रोतेहो, नमस्कार. समजा, आपल्याला एका डॉक्टरच्या तपासणी कक्षाचे नियोजन करायचे आहे. सरासरी दर 5 मिनिटांनी एक रुग्ण येतो आणि त्याला तपासायला सरासरी 4 मिनिटे लागतात. कागदावर हिशेब चोख बसतो, उलट डॉक्टरांना तासाला 12 मिनिटे उसंत मिळेल असे वाटते. पण रुग्ण काही घड्याळ लावून येत नाहीत; कधी चौघे एकदम येतात, तर कधी एकाच्याच तपासणीत 10 मिनिटे जातात. या चढउतारांसाठी रांगांच्या गणितात नेहमी वापरतात ते घातांकी वितरण (थोडा वेळ बहुतेकदा, खूप जास्त वेळ क्वचित, असा नमुना) धरले, तर रांगेत थांबण्याचा सरासरी वेळ 16 मिनिटे निघतो. आणि तपासणी अवघ्या अर्ध्या मिनिटाने लांबली, की तोच वेळ 40 मिनिटांवर जातो.

एका रांगेपुरते हे सूत्राने सांगता येते. मात्र अनेक कक्ष, प्रयोगशाळा, पाळ्या आणि मध्येच बंद पडणारी यंत्रे एकमेकांत गुंतली, की सूत्रे अपुरी पडतात. 1946 साली आजारपणात पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडताना गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना सुचले, की डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढत बसण्यापेक्षा तो शंभरदा खेळून मोजावे. याच विचारातून मॉन्टे कार्लो पद्धत उभी राहिली. संगणक रुग्ण येण्याचा आणि तपासणीचा प्रत्येक वेळ यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारखा, निवडून तोच दिवस हजारो वेळा चालवून पाहतो, आणि माझ्या मते आराखडा करणाऱ्याने त्यातले सर्वांत वाईट दिवस आधी उघडून पाहावेत.

वाढीव फेऱ्यांनी अचूकता वाढते, पण संथपणे: चूक निम्मी करायला चौपट फेऱ्या लागतात. गृहीतकच चुकले असेल, तर लाख फेऱ्याही निरुपयोगी. समजा, दोन पंपांपैकी प्रत्येक शंभरात एकदा बंद पडतो, म्हणून दोन्ही एकदम दहा हजारांत एकदाच बंद पडतील, हा हिशेब दोघांचे बिघाड परस्परांशी असंबद्ध असतील तरच खरा. 11 मार्च 2011 रोजी जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्रात भूकंपाने बाहेरची वीज तोडली आणि राखीव म्हणून ठेवलेले बहुतेक डिझेल जनरेटर त्सुनामीच्या एकाच पाण्याने निकामी केले. म्हणूनच संगणक सुरू करण्याआधी जागेवर जाऊन पाहावे, की आपले दोन पंप एकाच खोलीत, एकाच केबलवर आणि एकाच पातळीवर तर बसवलेले नाहीत ना.