अफगाण गालिचे : दर, तराजू आणि पेशगी

मंडळी, फेअर ट्रेड, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणारा व्यापार, म्हटलं की गालिच्यामागचं लेबल आठवतं. लेबलाकडे नंतर येऊ. अफगाणिस्तानात विणणाऱ्या बाईचे पैसे जातात ते मीटरपट्टीवर, तराजूवर आणि पेशगीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, वहीत.

उत्तरेला फारयाबमधलं अंदखोय, जवझजानमधलं आकचा, कुंदुझ, पश्चिमेला हेरात, मध्यभागी बामियान, असा हा गालिच्यांचा मुलूख. तुर्कमेन घरांत माग बहुधा जमिनीवर आडवा पसरलेला, इतरत्र उभा. गाठी मारणारे हात मुख्यतः बायकांचे. लोकर आणणं, रंगवणं, बाजारात भाव करणं हे पुरुषांकडे. म्हणजे जी विणते तिने बाजार पाहिलेलाच नसतो. ठेकेदार रंगवलेली लोकर आणि नमुना घरपोच देतो आणि दर सांगतो चौरस मीटरला.

मेख इथेच आहे. दहा सेंटिमीटरमध्ये आडव्या 40 आणि उभ्या 40 गाठी असतील तर चौरस मीटरला 1,60,000 गाठी होतात. सरावलेली बाई दिवसाला 8,000 गाठी मारते असं धरा, म्हणजे 20 दिवस. आता ठेकेदार म्हणाला, माल बारीक हवा, 50 बाय 50, दर 30 टक्के वाढवून देतो. घरातले खूश! पण गाठी झाल्या 2,50,000 आणि दिवस लागले 31च्या वर. दर वाढला 30 टक्के, काम वाढलं 56 टक्के, रोजंदारी 17 टक्क्यांनी घटली. त्यात नमुना बारीक फुलांचा असेल, रंग दर दोन-चार गाठींना बदलत असेल, तर 8,000चा आकडाही गाठता येत नाही. म्हणून हिशेब उलटीकडून करावा लागतो. त्या गावात घर चालवायला रोज किती लागतं ते आधी ठरवायचं, त्याच नमुन्यावर घड्याळ लावून दिवसाच्या गाठी मोजायच्या आणि मग मीटरचा दर काढायचा. ही मोजणी चार-पाच घरांत तरी व्हावी. सगळ्यांत चपळ बाई बघून दर ठरवला की बाकीच्या मेल्याच.

माप कधी घ्यायचं, हेही आधी ठरलेलं हवं. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ओढलेला असतो. गालिचा कापून उतरवला की तो थोडा आखडतो. मागावरचं माप की उतरवल्यावरचं, एवढी एक ओळ करारात नसली की फरक बाईच्या अंगावर पडतो.

तराजूचा खेळ त्याहून सूक्ष्म. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. दमट गोदामातून 20 किलो मोजून दिलेली लोकर घरी सुकते. तयार गालिचा तोलला की वजन कमी भरतं आणि बाईवर लोकर विकल्याचा आळ येतो. उपाय साधा आहे. देताना-घेताना तराजू एकच, लोकर दोन दिवस घरात मोकळी ठेवून मग वजन, आणि कात्रणंसुद्धा पोत्यात जपून तोलायची.

पेशगीचं म्हणाल, तर ऊसतोडीतली उचल ज्यांना ठाऊक आहे त्यांना फार सांगायला नको. मुकादम उचल देतो कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, आणि हिशेब होतो नवऱ्याशी. अफगाणिस्तानातही पेशगी घेतो घरचा पुरुष आणि फेडते मागावरची बाई. गालिचा संपेपर्यंत नवी पेशगी चढलेली असते, त्यामुळे जास्त दर देणाऱ्याकडे जाण्याची सोयच उरत नाही. पेशगीला मर्यादा हवी, एका गालिच्यातून किती कापायची ते लिहिलेलं हवं, आणि ती फिटायची असतानाही दुसऱ्याचं काम घेण्याची मुभा हवी.

दोषांची कपात हा माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित भाग. बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा कडेला आवळला गेला की गालिचा वर जाता जाता अरुंद होतो. ही चूक विणण्यातली. दर वीत-दीड वीत विणून झाल्यावर रुंदी मोजली तर वेळीच सावरते. पण मध्येच लाल रंगाची छटा बदलली तर तो बाईचा दोष कसा? एकाच वेळी एकत्र रंगवलेली लोकर पुरेशी दिली नाही म्हणून ते झालं. रंग सुटला तर दोष रंगाऱ्याचा; लोकर देतानाच ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघावी. सरसकट कपात करणारा ठेकेदार स्वतःच्या चुकांची वसुली मजुरीतून करत असतो.

आता लेबल. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने 1994 मध्ये निघालेलं रगमार्क, म्हणजे आजचं गुडवीव्ह, बालमजुरीवर नजर ठेवतं. स्वित्झर्लंडमधलं लेबल स्टेप 1995 पासून मजुरी आणि कामाची जागा बघतं. 2004 मध्ये कॉनी डकवर्थ यांनी सुरू केलेल्या आर्झू संस्थेने बामियानमध्ये बाजारापेक्षा जास्त मजुरी दिली आणि बदल्यात अट घातली, मुलं शाळेत जायला हवीत, घरातल्या बायकांनी साक्षरता वर्गाला बसायला हवं. कल्पना उत्तम होती, कारण वही वाचता येणाऱ्या बाईला फसवणं अवघड.

ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानची सत्ता आल्यावर या अटीच अडचणीत आल्या. सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद. मग तेरा वर्षांच्या मुलीला शाळेत पाठवा ही अट पुरी कशी करायची? ती दिवसभर घरात असते आणि घरात माग असतो. 24 डिसेंबर 2022 रोजी स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करायला स्त्रियांना बंदी झाली. माग आहे जनानखान्यात. परक्या पुरुष तपासनिसाला तिथे जाता येत नाही आणि बाई तपासनिसाला कामावर ठेवता येत नाही. गंमत म्हणजे इतर बरीचशी कामं बंद झाल्यामुळे विणकामाकडे वळणाऱ्या बायका वाढल्या, आणि हात वाढले की दर पडतो.

अशा वेळी कागदी तपासणीपेक्षा पैसे देण्याची पद्धत जास्त उपयोगी पडते. खरेदीदारांनो, ठेकेदाराला वगळू नका, पण रक्कम टप्प्याटप्प्याने द्या. एक हप्ता ताणा चढल्यावर, एक निम्मं विणून झाल्यावर, उरलेला मापानंतर लगेच. धुलाई आणि कातरणी पेशावर-लाहोरला व्हायची असेल तर त्या विलंबाचा शेवटच्या हप्त्याशी संबंध नको. आणि पावती दोन प्रतींत, त्यावर विणणाऱ्या प्रत्येकीचा अंगठा स्वतंत्र. तिघी विणत असतील तर तीन अंगठे, घरचा एक नव्हे.