काचेच्या भिंतीमागचे तेल

१९५२ साली न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर लीव्हर हाउस ही काचेची उंच इमारत उभी राहिली. तिला उघडता येईल अशी खिडकीच ठेवलेली नव्हती. जाड भिंत, छज्जा आणि समोरासमोरच्या खिडक्या पिढ्यान्‌पिढ्या जे काम करत आल्या, ते आता वातानुकूलन यंत्रणेकडे सोपवण्यात आले. वीज आणि तेल स्वस्तच राहणार, या गृहीतकावर ही काच उभी होती. पुढे तसाच काचेचा ठोकळा जगभर, अगदी वाळवंटातल्या शहरांतही, हवामानाचा विचार न करता उभारला गेला.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब तेलउत्पादक देशांनी अमेरिकेसह काही देशांचा तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. या निर्णयाचे परिणाम थेट खोलीतल्या हवेपर्यंत पोहोचले. अमेरिकेत माणशी मिनिटाला सुमारे १५ घनफूट बाहेरची हवा आत घेण्याचा प्रघात होता. इंधन वाचवण्यासाठी ते प्रमाण अनेक इमारतींत ५ घनफुटांवर आणले गेले. खिडकी तर उघडत नव्हतीच. त्यामुळे गालिचे, रंग आणि फर्निचरमधून सुटणारी रसायने आतच कोंडून राहू लागली. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, सततचा थकवा अशा तक्रारी वाढल्या आणि इमारतीबाहेर पडले की त्या ओसरत. या विकाराला ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ असे नाव पडले, आणि १९८९मध्ये हवेचे किमान प्रमाण पुन्हा १५ घनफुटांवर न्यावे लागले. भिंत आहे तशी ठेवून केवळ इंधनाचा खर्च कापू पाहणाऱ्या धोरणाची किंमत तिथे काम करणाऱ्यांनी आपल्या प्रकृतीने मोजली, हे विसरता कामा नये.

डेन्मार्कची अवस्था तर आणखी बिकट होती, कारण त्या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात केलेल्या तेलातून येत होती. तिथे १९७९मध्ये उष्णतापुरवठ्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि कोणत्या भागाला कशी उष्णता पुरवायची, याचे नियोजन नगरपालिकांवर सोपवण्यात आले. वीजकेंद्रात एरवी वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपाने रस्त्याखालच्या नळांतून घरोघर पोहोचू लागली. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरे अशा जाळ्याला जोडलेली आहेत. अशा घराला ना स्वतःचा बॉयलर लागतो, ना तेलाची टाकी, ना धुराडे. आणि वास्तुरचनाकाराने नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधीच हे सारे नगरपालिकेच्या सभागृहात ठरून गेलेले असते.