पावणेतीन किलोमीटरचं विमान

व्हिडिओच्या कोपऱ्यात टायमर दिसतोय ना, तो आत्ता शून्यावर आहे. पायलट सीटवरूनच मागे वळून सांगतो, पट्टे लावा. केबिन क्रू नाही, पायलट आणि पॅसेंजरांच्या मधे दार नाही, त्याच्या शेजारच्या सीटवर एक आजी बसल्यात आणि मांडीवर किराण्याची पिशवी.

हा स्कॉटलंडच्या उत्तरेचा ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह. वेस्ट्रे नावाचं बेट, आणि समोर जे हिरवं दिसतंय ना ते पापा वेस्ट्रे, इथले लोक पापे म्हणतात. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर २.७ किलोमीटर. मुंबईत रिक्षाचं मिनिमम भाडं दीड किलोमीटरचं असतं, म्हणजे दोन मिनिममही पुरते होत नाहीत आणि एवढ्यासाठी विमान! शेड्यूलमध्ये वेळ दोन मिनिटं, आणि वारा पाठीशी असेल तर त्याहून कमी. स्टुअर्ट लिंकलेटर या पायलटनी एकदा ५३ सेकंदात नेलंय, रेकॉर्ड आहे ते.

आता टायमर चालू.

आवाज ऐका. हे विमान ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, दोन पिस्टन इंजिनं, आठ पॅसेंजर. चढताना वजन विचारतात आणि त्या हिशोबानं कोण कुठे बसायचं ते ठरतं, लाजून चालत नाही. धावपट्टी जेमतेम पाचशे मीटरची, पण या विमानाला तेवढी पुरते, म्हणून तर १९६७ पासून लोगनएअर ही विमान कंपनी या बेटांवर हीच छोटी विमानं घेऊन फिरतेय. खाली समुद्राची पट्टी, पांढरी लाट... आणि नाक लगेच खाली, कारण वर जायला वेळच नाही, काहीशे फुटांवरूनच उतरायची तयारी. नेटवरच्या बऱ्याच साइट दोन विमानतळांमधला वेळ काढताना एक ठरलेला वेग धरतात आणि चढ-उताराचा अर्धा तास वर मिळवतात, इथे तो हिशोब टाकला तर अर्धा तास येतो. हसू नका, तसंच येतं.

टेकलं. टायमर बघा, दोनच्या आतच आहे.

टूरिस्ट येतात, जगातली सगळ्यात छोटी शेड्यूल्ड फ्लाइट म्हणून सर्टिफिकेट घेऊन खूश होऊन जातात, त्यात वाईट काही नाही. पण ही आजी बघा, तिला सर्टिफिकेट नकोय, तिला तिकडून इकडे यायचंय, बस. आपल्याकडे दाभोळ-धोपावे फेरीबोटीत कोण सेल्फी काढतं हो? रोजच्यांपैकी तर कुणीच नाही. इथेही बोट आहे, पंचवीसेक मिनिटांची, पण हिवाळ्यात या समुद्राचा काय भरवसा. धावपट्टीवर जो अग्निशमनाच्या गाडीपाशी उभा आहे तो बेटावरचाच माणूस, विमान आलं की फायरमन, गेलं की आपल्या कामाला.

पापेवर नव्वदेक माणसं राहतात. एवढ्या तिकिटांवर विमान परवडणार कसं, म्हणून ऑर्कनीची कौन्सिल सबसिडी देते. ती थांबली तर डॉक्टर, शिक्षक, मोठ्या शाळेची पोरं सगळं अडेल, बेट हळूहळू रिकामंही होईल.

दार बंद. आता हे विमान ऑर्कनीच्या मुख्य गावाला, कर्कवॉलला परत, चाळीसेक किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटं. या रूटवरची ती लांबची फ्लाइट.