रात्री पाणी मारणारी माणसे

(पुण्यातील एका फिल्म सोसायटीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

लडाखमधील उघड्यावरच्या आइस हॉकीवर, म्हणजे बर्फावर स्केट घालून खेळायच्या हॉकीवर, आम्ही केलेला माहितीपट आपल्यापैकी अनेकांनी मागच्या महिन्यात याच सभागृहात पाहिला, त्यामुळे त्यात काय आहे हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. तो कसा केला आणि केल्यावर माणसांपर्यंत नेताना काय करावे लागले, एवढ्यापुरतेच आज बोलते. चित्रीकरणाला आम्हांला दोन हिवाळे लागले आणि दाखवत फिरायला तीन वर्षे, यावरून दुसरे काम किती मोठे होते याची कल्पना यावी.

हा खेळ मुळात उघड्यावरचाच. माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये 3 मार्च 1875 रोजी तो नियमबद्ध रूपात छपराखाली खेळला गेला. त्याआधी कॅनडातली मुले गोठलेल्या तळ्यांवर आणि नद्यांवरच खेळत. आज तिथे व्यावसायिक संघ उघड्यावर सामना खेळतात तो हौसेने, जुन्या दिवसांची आठवण म्हणून; 2003 साली एडमंटनच्या अशा सामन्याला कडाक्याच्या थंडीत 57 हजारांवर प्रेक्षक बसले होते. लेहमध्ये मात्र हौसेचा प्रश्न फार काळ नव्हताच. देहरादूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेले बंदिस्त रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, पुढे बरीच वर्षे बंद राहिले आणि लडाखी खेळाडूंचा सराव निसर्ग जेवढे आठवडे देईल तेवढ्यातच, म्हणजे साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, उरकावा लागला. लष्करी जवानांकडून हा खेळ तिथे रुजला, सुरुवातीला लष्करी बुटांच्या तळव्याला लोखंडी पाती ठोकून स्केट केले जात, हे तिथले वयस्कर खेळाडू अजून हसत हसत सांगतात.

आता आमची चूक सांगते. आम्ही लेहला गेलो ते भारतीय महिला आइस हॉकी संघाची गोष्ट घेऊन. 2016 साली तैपेईच्या स्पर्धेला जाण्यासाठी लोकवर्गणी करावी लागलेला हा संघ, दुसऱ्याच वर्षी बँकॉकला फिलिपाइन्सला 4-3 असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवतो. याहून तयार पटकथा कुठली मिळणार? अडचण एवढीच होती की ती सगळ्यांनाच तयार मिळाली होती. वर्तमानपत्रांनी ती लिहिली होती, वाहिन्यांनी दाखवली होती आणि मुलींना तीच उत्तरे देण्याचा इतका सराव झाला होता की आमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू होई. त्यातच जानेवारी लागला तरी हवा उबदार होती आणि बर्फ नीट धरत नव्हता. लेहच्या कर्झूच्या तळ्यावर कडेने पाणी दिसत होते. सहा दिवस आम्ही बुखारीभोवती, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीभोवती, बसून थुक्पा खाल्ला आणि निर्मितीचा खर्च मोजला.

सातव्या रात्री, शेजारच्या एका गावात, आम्हांला आमचा चित्रपट दिसला. गावाने शेतातच मातीचे बांध घालून रिंक केले होते आणि साडेअकराच्या सुमारास चारपाच माणसे तिथे पाणी मारत होती. घराच्या नव्या स्लॅबवर आपण पाणी मारतो, अगदी तशी. फरक एवढाच की हे पाणी मुरायचे नव्हते, पसरल्या जागी गोठायचे होते. एका वेळी अगदी पातळ थर द्यायचा, तो पुरता धरला की दुसरा. घाई करून जाड थर दिला तर वरची साय गोठते, खाली पाणी राहते आणि सकाळी पहिल्याच खेळाडूचा स्केट आत जातो. भेगा पडल्या असतील तर बर्फाचा भुगा ओला करून त्या लिंपायच्या, आपल्याकडे अंगणाची भेग शेणाने लिंपतात तशा. काम संपले की पाइपचे एक टोक उंच धरून चालत चालत तो पूर्ण रिकामा करायचा, गुंडाळून घरात आणायचा आणि बुखारीजवळ ठेवायचा, नाहीतर आतले पाणी गोठून उद्या पाइपची काठी झालेली असते. सर्वांत वयस्कर गृहस्थांना, ज्यांना सगळे मेमे-ले म्हणजे आजोबा म्हणत, मी विचारले की आपण कधी हॉकी खेळलात का. ते म्हणाले, नाही, माझी नात खेळते; मला थंडी वाजते. उणे अठरा अंशांत रात्री पाण्याचा पाइप धरून उभा असलेला माणूस हे म्हणत होता.

त्या रात्रीनंतर माहितीपटाचा विषय बर्फ धरण्याची वाट पाहणे हा झाला आणि सामने त्यात आले ते त्या वाट पाहण्याचे फळ म्हणून. आमच्या संकलकाला हे पटायला वेळ लागला. त्याचे म्हणणे असे की प्रेक्षक खेळ पाहायला येतो. माझे म्हणणे असे होते, आणि आजही आहे, की ज्याला या खेळाचे नियम ठाऊक नाहीत त्याला सामना दहा मिनिटांत कंटाळवाणा होतो, पण ज्याने चार रात्री बर्फ तयार होताना पाहिला आहे तो त्यावर पडलेल्या पहिल्या ओरखड्याने हळहळतो.

तांत्रिक बाजूचे थोडे सांगते, कारण इथे चित्रपटाचे विद्यार्थी बसले आहेत. थंडीत बॅटरी निम्म्या वेळातच मान टाकते, म्हणून सुट्या बॅटऱ्या बंडीच्या आतल्या खिशात अंगाशी धरून फिरावे लागते. त्याहून मोठा घात होतो तो कॅमेरा बाहेरून थेट उबदार खोलीत आणल्यावर: भिंगावर आणि आतही दव धरते. बाहेरच घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत कॅमेरा घालायचा आणि खोलीत आल्यावर दोन तास ती उघडायची नाही, हा नियम आम्ही एक लेन्स गमावून शिकलो. बर्फाचा पांढरा रंग कॅमेऱ्याच्या मीटरला फसवतो. त्याचे ऐकले तर सगळे रिंक राखाडी येते, म्हणून एक ते दीड स्टॉप उजेड वाढवावा लागतो. पक, म्हणजे या हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती चकती, तीन इंच व्यासाचा, एक इंच जाडीचा, काळ्या रबराचा. तो कॅमेऱ्याने पकडण्याचा नाद आम्ही दुसऱ्या दिवशीच सोडला आणि खेळाडूंचे डोळे टिपू लागलो. पक कुठे आहे ते डोळे सांगतात.

ध्वनीवर मात्र पैसे वाचवू नका. उघड्यावरच्या हॉकीचे निम्मे सौंदर्य कानाचे आहे. बंदिस्त रिंकमध्ये आवाज घुमतो, तळ्यावर तो कोरडा, सुटा येतो. स्केटचे पाते वळताना होणारी खर्र, स्टिकचा टणत्कार आणि मध्येच खालून येणारा बर्फाचा खोल हुंकार, जो पहिल्यांदा ऐकून आमचा ध्वनिमुद्रक उपकरणे तिथेच टाकून काठावर पळाला. आम्ही माइक बर्फात गोठवून ठेवला होता. तो काढायला गरम चहा ओतावा लागला.

आता प्रसाराकडे वळते. स्वतंत्र माहितीपट करणारे बहुतेक जण इथे चुकतात आणि आम्हीही चुकलो. सर्वांत मोठी चूक स्थिरचित्रांची. चित्रीकरणाच्या वेळी छायाचित्रकार नेला नाही आणि नंतर पोस्टरसाठी, महोत्सवाच्या पुस्तिकेसाठी, वृत्तपत्रासाठी जो तो चांगला फोटो मागू लागला, तेव्हा आमच्याकडे व्हिडिओतून काढलेल्या धूसर चौकटी होत्या. दुसरी चूक झलकेची, म्हणजे ट्रेलरची. पहिली झलक आम्ही हिमशिखरे, प्रार्थनापताका आणि संथ गतीत धावणाऱ्या मुली अशी कापली. ती पुष्कळांनी पाहिली, पण ती पाहून आलेला प्रेक्षक सभागृहात अस्वस्थ होई, कारण त्याला पर्यटनाची जाहिरात हवी होती आणि पडद्यावर एक म्हातारा पाइप रिकामा करत होता. दुसरी झलक चाळीस सेकंदांची केली: अंधार, पाण्याचा आवाज, बॅटरीचा झोत आणि शेवटी एक पातळ तडा. ती फार पसरली नाही, मात्र ती पाहून येणारे शेवटपर्यंत बसले.

इंटरनेटवर चित्रपट दाखवणाऱ्या एका व्यासपीठाने माहितीपट घेण्याची तयारी दाखवली, पण प्रसिद्ध नटाच्या आवाजात निवेदन घाला आणि शेवट विजयाने करा अशी अट घातली. आम्ही नकार दिला. यात शौर्य नव्हते. विजयाचे चित्रीकरणच आमच्याकडे नव्हते. महोत्सवांकडे मात्र नियोजनाने जावे. मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांसाठी चालतो, तिरुवनंतपुरमचा माहितीपट आणि लघुपट महोत्सव आहे, कॅनडात बॅन्फचा पर्वतविषयक महोत्सव 1976 पासून आहे. चित्रपट आधीच इंटरनेटवर टाकला तर यांसारख्या अनेक ठिकाणचे दार बंद होऊ शकते, हे उत्साहाच्या भरात विसरू नका. सेन्सॉरचे प्रमाणपत्र महोत्सवासाठी सवलतीने टळते, पण चित्रपटगृहात लावायचे तर ते लागतेच. तो वेळ वेळापत्रकात धरा.

आमचा खरा प्रेक्षक मिळाला तो महोत्सवांबाहेर. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या, 1968 पासून चालणाऱ्या फिल्म सोसायट्यांनी आपल्याकडे पाहणाऱ्यांची जी पिढी घडवली ती संथ चित्रपटाला घाबरत नाही. आणि मराठी गिर्यारोहकांचा समाज. सह्याद्रीत हिंडणारी, हिमालयात मोहिमा काढणारी ही माणसे बर्फ, दोर, शिधा यांच्या तपशिलावर जीव टाकतात. माहितीपटाच्या नाशिकच्या एका खेळानंतर प्रश्नोत्तरे दीड तास चालली आणि त्यात पाऊण तास पाइपवरच गेला.

पण माहितीपटाचा पहिला खेळ आम्ही लेहजवळच्या त्याच गावात केला होता आणि हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला करायला सांगेन. पंचायतीच्या खोलीत, पांढऱ्या चादरीवर. ज्या प्रसंगांना आम्ही गंभीर समजत होतो तिथे लोक पोट धरून हसले. एका खेळाडू मुलीने नंतर बाजूला घेऊन सांगितले, ताई, मी एकदा पडले आणि तुम्ही मला दोनदा पाडले आहे. तिचे बरोबर होते. संकलनात आम्ही तेच पडणे दुसऱ्या कोनातून पुन्हा वापरले होते. ते काढले.

2025 साली संयुक्त अरब अमिरातीतील आशिया चषकात भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवले, तेव्हा शेवटी ते जोडा असा आग्रह अनेकांनी धरला. आम्ही काही जोडले नाही. चित्रीकरणाच्या सगळ्या फितींची, म्हणजे आताच्या भाषेत हार्ड डिस्कची, एक प्रत मात्र गावात देऊन ठेवली होती. तिथल्या गोलरक्षक मुली त्यातला आम्ही कापून टाकलेला अकरा मिनिटांचा एक सलग तुकडा सरावाआधी लावतात, असे कळते. त्यात कॅमेरा गोलाच्या मागे विसरून राहिला होता.