व्सेवोलोद बोब्रोव: गवतावरचा आणि बर्फावरचा

[जुनी कृष्णधवल दृश्यं: गोठलेलं मैदान, स्केट्सवरचे खेळाडू]

फुटबॉलचं अख्खं मैदान गोठलंय असं समजा. अकरा विरुद्ध अकरा, पंचेचाळीस मिनिटांचे दोन हाफ, कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाइड, सगळं तसंच. फक्त पायांत स्केट्स, हातात वाकडी काठी आणि मुठीत मावेल एवढा टणक चेंडू. गोलकीपरला तर काठीही नाही. चेंडू हातापायांनी, अंगानं, जमेल तसा अडवायचा. हा खेळ बँडी. रशियात त्याला रशियन हॉकी म्हणत.

लेनिनग्राडजवळच्या सेस्त्रोरेत्स्क गावात व्सेवोलोद बोब्रोव लहानाचा मोठा झाला. जन्म १९२२ चा. वडील कारखान्यात कामाला, आणि स्वतः या खेळाचे वेडे. हिवाळ्यात पाणी ओतून ते पोरांसाठी बर्फाचं मैदान तयार करत. बर्फ वितळलं की फुटबॉल, पाणी गोठलं की बँडी. खरीप आणि रब्बीच म्हणा ना! दोन खेळ खेळणं तिथे काही अप्रूपाचं नव्हतं. दोन्हींत असं खेळणं मात्र अप्रूपाचंच.

युद्ध संपता संपता तो मॉस्कोत, सैन्यदलाच्या त्सेडेका क्लबात आला. १९४५ आणि १९४६, लागोपाठ दोन वर्षं या क्लबानं बँडीचा सोव्हिएत कप जिंकला. १९४५ च्याच फुटबॉल लीगमध्ये बोब्रोवचे २१ सामन्यांत २४ गोल. त्या नोव्हेंबरात मॉस्कोचा दिनामो संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा प्रतिस्पर्धी क्लबाच्या या पोराला त्यांनी सोबत घेतलं. चेल्सीशी ३-३, कार्डिफवर १०-१, आर्सेनलवर ४-३, रेंजर्सशी २-२. दौरा अपराजित!

[आइस हॉकीची दृश्यं]

डिसेंबर १९४६ मध्ये सोव्हिएत संघात आइस हॉकीची पहिली लीग सुरू झाली. खेळाडू आणायचे कुठून? बँडीतूनच. चेंडूच्या जागी पक, म्हणजे रबराची टणक चकती आली, मैदान आक्रसलं, पण मोकळ्या जागेत धावायची आणि पास देत पुढे सरकायची बँडीची खोड काही सुटली नाही. पुढे जगाला ज्या सोव्हिएत हॉकीचं कौतुक वाटलं, तिचं मूळ मला इथे दिसतं. बोब्रोव पक घेऊन गोलसमोरून आडवा निघायचा, गोलकीपर त्याच्यामागे ओढला जायचा, की हा हळूच रिकाम्या कोपऱ्यात पक सरकवायचा. १९४७-४८ च्या हंगामात १८ सामने, गोल ५२.

१९५० च्या जानेवारीत हवाईदलाच्या हॉकी संघाचं विमान स्वेर्दलोव्स्कला कोसळलं. अकरा खेळाडू गेले. बोब्रोव याच संघाचा, पण त्या विमानात नव्हता. कुणी म्हणतं गजर वाजला नाही, कुणी म्हणतं क्लब बदलल्याच्या कागदपत्रांसाठी त्याला थांबावं लागलं.

[टॅम्पेरे, फिनलंड, जुलै १९५२]

हेलसिंकी ऑलिंपिक. फुटबॉल संघाचा कर्णधार बोब्रोव, समोर युगोस्लाव्हिया. पाचच दिवसांपूर्वी आपल्या भारतीय संघाला १०-१ असं धुऊन काढणारा हाच तो संघ. त्यातून युगोस्लाव्हियाचा तितो आणि सोव्हिएत संघाचा स्तालिन यांचं हाडवैर, म्हणजे हरायची सोयच नाही. पाऊण तास... नाही, पाऊणशे मिनिटं होत आली तरी सोव्हिएत संघ १-५ ने मागे. तिथून त्यांनी ५-५ केलं. पाचांपैकी तीन गोल बोब्रोवचे, तेही दुखऱ्या गुडघ्यांनिशी. दोन दिवसांनी पुन्हा सामना झाला. पहिला गोल बोब्रोवनंच केला, पण संघ १-३ हरला. मग सैन्यदलाचा क्लबच बरखास्त! राग युगोस्लाव्हियावरचा, कुऱ्हाड स्वतःच्या खेळाडूंवर.

[स्टॉकहोम, १९५४]

आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघ प्रथमच उतरला आणि कॅनडाला ७-२ हरवून थेट विजेता ठरला. कर्णधार बोब्रोव, सर्वोत्तम आघाडीवीरही तोच. १९५६ मध्ये इटलीतल्या कोर्तिनात हिवाळी ऑलिंपिकचं सुवर्ण. १९७२ मध्ये तो प्रशिक्षक असताना त्याच्या संघानं माँट्रियलला कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंवर ७-३ अशी मात केली, अर्थात मालिका अखेर कॅनडानंच जिंकली. १९७९ मध्ये बोब्रोव गेला.

फुटबॉल लीगमध्ये ९७ गोल, आइस हॉकीत २५४. त्याच्या पदकांत बँडीचं जागतिक पदक मात्र नाही. बँडीची पहिली जागतिक स्पर्धा भरली १९५७ साली, हेलसिंकीत. सोव्हिएत संघानं ती जिंकलीही. बोब्रोव तेव्हा पस्तिशीकडे झुकला होता आणि त्या वर्षी मॉस्कोत आइस हॉकीची आपली शेवटची जागतिक स्पर्धा खेळत होता.